‘बाकी नेहमीप्रमाणे’ : रसशाळेतील जुन्या वह्या व प्रमाणित पत्रकाचा नमुना

धुळे-जळगाव परिसरातील जुन्या रसशाळांत एक लाल कापडी बांधणीची वही हमखास आढळते. आमच्याकडेही ती आहे. वडिलांच्या हस्ताक्षरातील त्या वहीत योगांची नावे, द्रव्यांच्या याद्या, तोळे, शेर व हंडे यांतील प्रमाणे आणि क्वचित एखादी कृती लिहिलेली आहे. जवळजवळ प्रत्येक योगाच्या शेवटी मात्र एकच वाक्य येते : ‘बाकी नेहमीप्रमाणे करणे.’

ज्यांनी ती वही लिहिली आणि ज्यांनी तीबरहुकूम औषध केले, त्यांना या वाक्याचा अर्थ पूर्ण ठाऊक होता. पुढील पिढीच्या हाती वही आली, अर्थ मात्र आला नाही. ही वही, कारागिरांच्या स्मरणातील पाठ आणि प्रसंगोपात्त लिहिलेल्या चिठ्ठ्या यांचे प्रमाणित पत्रकांत रूपांतर करण्याचे काम आम्ही गेली काही वर्षे करीत आहोत. त्यात ज्या चुका झाल्या आणि जी पद्धत हाती लागली, ती वैद्यबंधू-भगिनी व रसशाळाचालक यांच्यापुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायदा नेमके काय मागतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत ‘शेड्यूल टी’ हे परिशिष्ट २००० साली आले व २००३ साली त्यात सुधारणा झाली. तेव्हा आपल्या वर्तुळात चर्चा झाली ती मुख्यतः जागेची. १२०० चौरस फूट बांधकाम कोठून आणावे, ही विवंचना लहान रसशाळांना खरोखरीच होती. त्या चर्चेत परिशिष्टाच्या आरंभीच असलेले एक कलम मागे पडले. प्रत्येक परवानाधारकाने आपली निर्मितीपद्धती स्वतः निश्चित करावी, ती पुस्तिकेच्या रूपाने लिहून ठेवावी आणि संदर्भासाठी व तपासणीसाठी उपलब्ध ठेवावी, असे ते कलम सांगते. प्रत्येक बॅचच्या नोंदीत शोधन, भावना, पुट व मर्दन यांची टप्प्याटप्प्याने नोंद असावी, असेही तेथे म्हटले आहे. चाचण्यांत चव व रंग यांनाही स्थान आहे. म्हणजे ‘आमचे शास्त्र कागदात मावत नाही’ असे म्हणण्यास कायद्याने फारशी जागा ठेवलेली नाही. आपल्याच परिभाषेत लिहिण्याची मुभा त्याने दिली आहे.

जे नोंदणीकृत वैद्य केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करतात व बाजारात विकत नाहीत, त्यांना या परिशिष्टातून सूट आहे. तथापि सूट परिशिष्टातून आहे, विस्मरणातून नाही. वैद्याच्या घरातील खलबत्त्यालाही लेखी पत्रकाची तितकीच गरज आहे, असे आमचे मत झाले आहे.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याचे वारंवार नूतनीकरण करण्याची पद्धत संपली असून एकदाच शुल्क व त्यापुढे स्वयंघोषणा अशी व्यवस्था आली आहे. स्वयंघोषणा म्हणजे आपणच आपल्या कामाची ग्वाही देणे. ती कशाच्या आधारावर द्यावयाची, याचे उत्तर कपाटातील नोंदींतच असले पाहिजे.

अनुक्ताचा जुना नियम

प्रमाणित नमुना ही पाश्चात्य कारखान्यांतून आलेली कल्पना आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. शार्ङ्गधरसंहिता ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना हे पटू नये. योगात काल सांगितला नसेल तर प्रभातकाळ घ्यावा, वनस्पतीचे अंग सांगितले नसेल तर मूळ, भाग सांगितले नसतील तर समभाग, पात्र सांगितले नसेल तर मातीचे आणि द्रव सांगितला नसेल तर जल, अशी व्यवस्था आचार्यांनी घालून दिली आहे. अरिष्टाचे मान सांगितले नसेल तर एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेप, हा नियमही तेथेच आहे.

याचा अर्थ असा की, योगाच्या पत्रकात कोणते रकाने असावेत हे आचार्यांनी आधी ठरविले होते. काल, अंग, भाग, पात्र, द्रव असे हे रकाने होत. एखादा रिकामा राहिला तर तो कशाने भरावा, हेही त्यांनी सांगून ठेवले. आमच्या वहीतील ‘नेहमीप्रमाणे’ आणि शार्ङ्गधरांचे ‘अनुक्त’ यांत हाच भेद आहे. अनुक्ताचा अर्थ ग्रंथात सापडतो. नेहमीप्रमाणेचा अर्थ एका माणसाच्या स्मरणात असतो आणि त्या माणसाबरोबर जातो.

एका अरिष्टाची हकीकत

२००९ साली आम्ही वहीतील योग संगणकावर उतरविण्यास प्रथम सुरुवात केली. पहिल्या दहा योगांत अर्जुनारिष्ट होते. भैषज्यरत्नावलीत हाच योग पार्थाद्यरिष्ट या नावाने येतो. वहीतील नोंद अशी होती : अर्जुनसाल दहा शेर, मनुका पाच शेर, मोहफुले दोन शेर, पाणी चार हंडे, एक हंडा उरविणे, गूळ दहा शेर, धायटीफुले दोन शेर, बाकी नेहमीप्रमाणे.

भारतीय आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत हा योग साल ४.८ किलो, मनुका २.४ किलो, मोहफुले ९६० ग्रॅम, पाणी ४९.१५२ लिटर, अवशेष १२.२८८ लिटर, गूळ ४.८ किलो व धायटी ९६० ग्रॅम असा आहे. दहास पाच, दोन, दहा, दोन हे वहीतील गुणोत्तर त्याच्याशी तंतोतंत जुळते. आम्ही समाधानाने शेराचे ९३३ ग्रॅम केले, साल व गूळ ९.३३ किलो असे छापले, आणि पाण्याच्या रकान्यात वहीतील शब्द तसाच ठेवला : ‘चार हंडे’.

मधल्या काळात रसशाळेतील कल्हईचा तांब्याचा हंडा बाजूस पडून स्टीलचा नवा हंडा आला होता. तो ३५ लिटरचा होता. आमचे ज्येष्ठ कारागीर, ज्यांना सारे आप्पा म्हणत, त्या वेळी आजारपणामुळे गावी होते. छापील पत्रक हाती देऊन आम्ही नव्या माणसाकडून बॅच लावली. महिना वैशाखाचा. धुळ्या-जळगावकडे त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, हे वाचकांस सांगावयास नको. बरण्या पुढील पत्र्याच्या खोलीत ठेवल्या.

महिन्याने झाकण उघडले तेव्हा उग्र आंबट वास आला. अरिष्टाचे शुक्त झाले होते. सारी बॅच फेकून द्यावी लागली. जळगाव व धुळे येथील ज्या औषधविक्रेत्यांनी मागणी नोंदविली होती, त्यांना आम्ही खरे कारण सांगितले. त्यांतील दोघांनी पुढे बराच काळ आमच्याकडून माल घेतला नाही. त्यांना दोष देता येत नाही.

आप्पा बरे होऊन परतले तेव्हा आम्ही त्यांच्यापुढे पत्रक ठेवले. त्यांनी ते बाजूस सारले आणि विचारले, “डॉक्टरसाहेब, जुना हंडा कथा शे?” परसात पडलेला तो हंडा आम्ही धुऊन मापाने भरला. त्यात २४ लिटर पाणी मावले. साऱ्या गोष्टीचा उलगडा झाला. जुन्या हंड्याने काढा २४ लिटर उरत असे, तेव्हा गुळाचे प्रमाण लिटरमागे सुमारे ३९० ग्रॅम होते. ग्रंथोक्त प्रमाणही तेवढेच येते. नव्या हंड्याने काढा ३५ लिटर उरला आणि तोच गूळ लिटरमागे सुमारे २६७ ग्रॅम झाला. शर्करा लवकर संपली, ती उरून अरिष्टाचे रक्षण करावयास राहिली नाही आणि उष्णतेने अम्लता वाढविली.

त्यानंतर आम्ही आप्पांना ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय, हे विचारू लागलो. एकाच योगातून पाच गोष्टी निघाल्या. काढा कोमट झाल्यावरच गूळ घालावयाचा. धायटीफुले काढा पूर्ण निवल्यावर. बरणीस आधी धूपन. बरण्या मागील अंधाऱ्या खोलीत भुशात ठेवावयाच्या. आणि संधान कार्तिक ते माघ या काळातच लावावयाचे, वैशाखात कधीही नाही. यांतील एकही गोष्ट वहीत नव्हती. ही सारी लक्षणे कशी ओळखता, असे विचारता ते हसून म्हणाले, “नाक सांगस, डॉक्टरसाहेब, घड्याळ काय सांगी?”

अरिष्ट आंबले तर ते बरणी उघडताच कळते. वत्सनाभाच्या शोधनातील एक दिवस कमी पडला तर ते कोणाला व केव्हा कळेल, या विचाराने त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्रिभुवनकीर्तीच्या पानावरही वहीत शेवटी तेच वाक्य होते.

मापांचा गुंता

रूपांतरातील पहिला धोका मापांचा आहे. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे आली; वह्या मात्र जुन्याच राहिल्या. तोळा म्हणजे किती? जुन्या व्यवहारात ११.६६ ग्रॅम, फॉर्म्युलरीनुसार कर्ष अथवा तोळा १२ ग्रॅम, आणि आजच्या सराफ बाजारात १० ग्रॅम. सर्व द्रव्ये तोळ्यांतच असतील तर कोणतेही एक मान धरले तरी गुणोत्तर बिघडत नाही. परंतु एकाच योगात काही द्रव्ये तोळ्यांत व काही शेरांत असतील, आणि आपण तोळा १० ग्रॅमचा व शेर ९३३ ग्रॅमचा धरला, तर शेरांतील द्रव्य प्रमाणापेक्षा सुमारे १७ टक्के अधिक पडते. शेर ८० तोळ्यांचा आहे, हे सूत्र एकदा सुटले की पत्रक सुबक दिसते पण औषध निराळे होते.

दुसरा प्रश्न आर्द्र द्रव्ये व द्रव यांच्या द्विगुणतेचा. ओली द्रव्ये दुप्पट घ्यावीत हा सामान्य नियम. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा इत्यादी त्याला अपवाद. खानदेशात अडुळसा कुंपणाला असतो, म्हणून तो ओलाच येतो. अर्जुनसाल व धायटी सातपुड्यातून वाळून येतात. द्रवाची द्विगुणता कोणी मानतात, कोणी मानत नाहीत. पत्रकात ‘ओले की वाळलेले’ व ‘द्विगुण धरले की नाही’ हे दोन प्रश्न छापलेलेच असावेत. उत्तर कोणतेही असो, ते लिहिलेले असावे.

नक्कल आधी, दुरुस्ती नंतर

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी गोळा केलेली कागदपत्रे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने १९२७ पासून सांभाळली आहेत. जुन्या कागदांचे काम करणाऱ्यांचा दंडक आपणही घ्यावा : आधी जशीच्या तशी नक्कल, मग पाठभेद, आणि सर्वांत शेवटी दुरुस्ती.

आम्ही हा क्रम सोडला होता. नक्कल करता करताच आम्ही ‘सुधारणा’ केल्या आणि अनावश्यक वाटलेले शब्द गाळले. आता आम्ही प्रत्येक योगासाठी तीन स्वतंत्र कागद ठेवतो. पहिल्यावर वहीतील नोंद, खाडाखोडीसह. दुसऱ्यावर कारागिराकडून ऐकलेली कृती, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून. तिसऱ्यावर आधारग्रंथातील पाठ. हे तिन्ही शेजारी ठेवले की भेद आपोआप दिसतात. त्यानंतरच प्रमाणित पत्रक लिहावे. मूळ वही कधीही टाकू नये.

तयार फायली विकत मिळतात, त्यांविषयी एक शब्द. आम्हीही एकदा अशी फाईल घेतली. तीत आमच्याकडे नसलेल्या यंत्रांची नावे होती आणि आमच्याकडे असलेल्या खलाचे नाव नव्हते. ती फाईल तपासणीस दाखविता आली असती. तिच्यावरून औषध करता आले नसते.

पत्रकाचे रकाने

बऱ्याच फेरफारांनंतर आमच्याकडे पुढील नमुना स्थिर झाला आहे. वाचकांनी तो आपल्या सोयीने बदलावा.

१. योगाचे नाव, पर्याय व आधारग्रंथ, अध्यायासह. एकाच नावाचा योग निरनिराळ्या ग्रंथांत निराळा असतो. पहिल्या अनुसूचीतील कोणता ग्रंथ धरला, हे प्रथम लिहावे.
२. द्रव्य, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, अंग, ओले अथवा वाळलेले.
३. मूळ माप, मेट्रिक माप व रूपांतराचे सूत्र. तिन्ही एकाच ओळीत.
४. शोधनाची गरज असलेली द्रव्ये : पद्धत, द्रव, दिवस, कोणी केले.
५. पात्र : धातू अथवा माती, आणि लिटरमध्ये धारणक्षमता. ‘हंडा’, ‘घमेले’, ‘बरणी’ हे शब्द मापाच्या रकान्यात लिहू नयेत.
६. कृतीचे टप्पे, अनुक्रमांकासह. एका टप्प्यात एकच क्रिया.
७. प्रत्येक टप्प्यापुढे दोन घरे : ‘लक्षण’ व ‘आकडा’.
८. ऋतू, स्थान व काळ.
९. अपेक्षित उत्पादन व प्रत्यक्ष उत्पादन, तफावतीचे कारण.
१०. सिद्धीची परीक्षा व तयार औषधाच्या चाचण्या.
११. साठवण, वेष्टन, मुदत, लेबलवरील सूचना.
१२. पत्रकाचा क्रमांक, आवृत्ती, तारीख, लिहिणारा, तपासणारा, आणि मागील आवृत्तीत काय बदलले.

हे झाले मूळ पत्रक. ते योगागणिक एकच असते व त्यावर काम करताना काहीही लिहावयाचे नसते. प्रत्येक बॅचच्या वेळी त्याची प्रत काढून प्रत्यक्ष वजने, वेळा व सह्या भराव्यात, ती बॅच-नोंद. खल धुणे, तराजू तपासणे, बरणीचे धूपन यांसारख्या सर्व योगांना समान क्रिया प्रत्येक पत्रकात पुन्हा लिहू नयेत. त्यांच्या स्वतंत्र कार्यपद्धती करून फक्त क्रमांक द्यावा. आमच्या वहीतील अर्ध्याअधिक ‘नेहमीप्रमाणे’ या समान क्रियाच होत्या, हे काम पुढे गेल्यावर ध्यानी आले.

लक्षण आणि आकडा

सातव्या रकान्याविषयी थोडे विस्ताराने. प्रमाणीकरण म्हणजे केवळ आकडे, अशी समजूत करून घेतल्यास आपली परंपरा कागदाबाहेर राहते. केवळ लक्षणे लिहिली तर नवा माणूस गोंधळतो. म्हणून दोन्ही हवीत. अवलेहाच्या टप्प्यापुढे ‘तंतुमत्त्व, पाण्यात बुडतो, बोटाची मुद्रा उमटते’ हे लक्षण आणि शेजारी त्या वेळचे तापमान व वजन. तैलपाकापुढे कल्काची वर्ती, फेनाचा उद्गम, अग्नीवर टाकता शब्द न होणे. घृतापुढे फेनाची शांती. शेजारी वेळ व तापमान. संधानापुढे बरणीला कान लावता आवाज थांबणे, पेटती काडी बरणीच्या तोंडाशी न विझणे, फुले तळाशी बसणे. शेजारी दिवस, खोलीचे तापमान व आम्लता. चूर्णापुढे ‘वस्त्रगाळ’ आणि शेजारी ८० क्रमांकाची चाळणी, कारण मलमलीचा पोत दुकानागणिक बदलतो.

पाच-सहा बॅचच्या नोंदी झाल्या की लक्षण व आकडा यांची सांगड दिसू लागते. आप्पांचे नाक जेव्हा ‘झाले’ म्हणत असे, तेव्हा तापमापक काय दाखवीत असे, हे आमच्याकडे आज लिहिलेले आहे. आप्पा आता नाहीत.

परक्या हाताची परीक्षा

पत्रक पूर्ण झाले की नाही, हे ते लिहिणाऱ्यास कधीच कळत नाही. त्याला न लिहिलेलेही दिसत असते. म्हणून आम्ही जळगावच्या एका वैद्यमित्रांशी अदलाबदल ठरविली. त्यांचे पत्रक आमच्या माणसाने वाचून बॅच लावावयाची, आमचे त्यांच्या. अट एकच : दूरध्वनी करावयाचा नाही. जेथे माणूस अडेल तेथे पत्रकावर खूण करावयाची. पहिल्या अदलाबदलीत आमच्या एका पत्रकावर अकरा खुणा आल्या. ‘मंदाग्नीवर’ या शब्दापुढे त्यांच्या कारागिराने प्रश्नचिन्ह काढले होते, कारण त्यांच्याकडे गॅस आहे आणि आमच्याकडे लाकूड. खुणा संपेपर्यंत पत्रकास अंतिम क्रमांक द्यावयाचा नाही, असा आता दोघांचाही नियम आहे.

ही पद्धत खर्चाची नाही. धुळे, जळगाव व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील रसशाळांनी दोन-दोनच्या जोड्या केल्या तरी एका वर्षात प्रत्येकीची दहा पत्रके सहज तपासून होतील. योगाचे गुपित जाईल, अशी भीती काहींना वाटते. शास्त्रोक्त योगांत गुपित ते काय? ते ग्रंथांत छापलेलेच आहेत. स्वामित्वाधीन योग हवे तर वगळावेत.

समारोप

२००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळल्याचे तेथील वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि १ जानेवारी २००६ पासून आपल्याकडे निर्यातीच्या काष्ठौषधींसाठी जड धातूंची चाचणी अनिवार्य झाली. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी शोधन-मारणाचे महत्त्व सभांतून सांगितले, आणि ते सांगणे योग्यच होते. परंतु अमुक बॅचचे शोधन अमुक दिवशी अमुक माणसाने इतके दिवस केले, असा कागद किती जणांकडे होता? शास्त्राची बाजू मांडण्यास वाणी पुरते. आपल्या बरणीची बाजू मांडण्यास नोंद लागते.

काम मोठे वाटते म्हणून ते सुरू होत नाही, हा आमचा अनुभव आहे. म्हणून एक सूचना करून थांबतो. आपल्या रसशाळेत सर्वांत ज्येष्ठ कारागीर कोण, हे पाहावे. त्यांच्या हातचा एकच योग निवडावा. ते औषध करीत असता शेजारी बसावे, आणि ते जे सांगतील त्याबरोबर ते जे न सांगता करतील तेही लिहावे. विषद्रव्ययुक्त योग असेल तर त्यापासूनच आरंभ करावा. परसातला जुना हंडाही एकदा पाण्याने भरून मोजून ठेवावा.